एका भिंगापुरती कांदिवली

दोन खटके, फिरवायची एक चकती आणि चंद्रकोरीच्या आकाराचे प्लास्टिकचे एकच भिंग. हॉल्गा नावाच्या कॅमेऱ्यात याहून फारसे काही नसते. बॅटरी नाही, मागे पडदा नाही, प्रकाश मोजायची सोय नाही. पाठीमागचे झाकण दोन क्लिपांवर टिकते आणि चालता चालता ते निसटू नये म्हणून वापरणारे त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावतात. खेळण्यांच्या दुकानात शोभतील अशा प्लास्टिकच्या कॅमेऱ्यांनी गंभीरपणे छायाचित्रे काढणाऱ्यांची परंपरा जगात पन्नास वर्षांहून जुनी आहे. तिची मराठी वाचकाला ओळख करून द्यावी, म्हणून हे छोटे पुस्तक. त्यातले सराव आणि फिरायच्या वाटा मात्र मुद्दाम कांदिवलीच्या ठेवल्या आहेत. असे का केले, ते आधी सांगायला हवे.

कांदिवलीचे फोटो रोज निघतात. घरे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत निघतात, वाढदिवसाला आणि गणपतीत निघतात, खड्डे आणि पाणी तुंबल्याच्या तक्रारींसोबत निघतात. पण इथे जन्मलेल्या माणसाला आपले उपनगर आतून कसे दिसते, ते या फोटोंत क्वचितच सापडते. मुंबईची छायाचित्रे म्हटली की डोळ्यांपुढे येतात मरीन ड्राइव्ह, फोर्टच्या कमानी, धोबीघाट, गिरगाव. आकुर्ली रोडवरची संध्याकाळ किंवा चारकोपच्या खाडीकडचा खारफुटीचा पट्टा कुणी भिंतीवर टांगल्याचे मला आठवत नाही. माझे म्हणणे असे की उपनगराला पाहायला भारी कॅमेरा लागत नाही, पाहणारा लागतो. आणि पाहायची सवय लावण्यात प्लास्टिकचा हा साधा कॅमेरा महागड्या यंत्रांपेक्षा जास्त कामी येतो.

आधी थोडा इतिहास. या घराण्यातला पहिला प्रसिद्ध कॅमेरा म्हणजे डायना. १९६० च्या दशकात हाँगकाँगच्या कौलून भागात ग्रेट वॉल प्लास्टिक फॅक्टरीने तो काढला. तो इतका स्वस्त होता की परदेशात इतर मालासोबत भेट म्हणूनही वाटला जाई, आणि त्याच घडणीचे कॅमेरे निरनिराळ्या नावांनी विकले जात. हॉल्गा आला १९८२ मध्ये, तोही हाँगकाँगमधून. टी. एम. ली यांनी तो चीनमधल्या सामान्य कुटुंबांसाठी आखला होता. तिथे तेव्हा १२० आकाराचा रोल सहज मिळे, म्हणून कॅमेराही त्याच रोलचा केला. पुढे ३५ मिलिमीटरच्या फिल्मने बाजार काबीज केला आणि ज्या घरांसाठी हॉल्गा बनला होता तिथे तो फारसा पोचला नाही. पोचला तो कलाशाळांत आणि छायाचित्रकारांच्या पिशव्यांत. २०१५ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली. २०१७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

आपल्याकडे मात्र ही गोष्ट वेगळ्या दाराने आली, आणि ते दार पुष्कळ मराठी घरांत अजून उघडे आहे. आग्फा क्लिक थ्री. न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने आग्फाच्या नावाने भारतात बनवलेला हा कॅमेरा. शटरच्या वेगाची निवड नाही, भिंग साधे, रोल १२० चा, फोटो चौकोनी आणि मोजून बारा. एक पिढी त्याच कॅमेऱ्यासमोर उभी राहून मोठी झाली. काळ्या पानांचा अल्बम, चार कोपऱ्यांना कागदी कोन, पांढऱ्या काठाचे चौकोनी फोटो आणि मागे शाईने लिहिलेले ‘महाबळेश्वर, मे’ किंवा ‘बंड्याची मुंज’. उन्हात उभ्या केलेल्या मंडळींचे डोळे बारीक झालेले, कारण सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा असे सगळ्यांना सांगितलेले असे. कडा थोड्या पुसट. कधी एका कोपऱ्यात काढणाऱ्याची सावली.

ही छायाचित्रे कुणी कलाकृती म्हणून काढली नव्हती, आणि त्यांना आज ओढूनताणून कला म्हणण्यात अर्थ नाही. पण ती पाहिली की एक गोष्ट जाणवते. बाराच फोटो असल्यामुळे प्रत्येक फोटोआधी कुणीतरी काहीतरी ठरवलेले आहे. आजीला मध्ये बसवायचे की कडेला, दार फोटोत घ्यायचे की तुळशीवृंदावन, यावर अंगणात चर्चा झालेली आहे. हा ‘ठरवण्याचा’ क्षण आता आपल्या हातून निसटला आहे. फोनवर आपण आधी काढतो आणि नंतर निवडतो. पुष्कळदा निवडतही नाही. प्लास्टिकचा कॅमेरा तो क्षण परत हातात देतो. जुन्या काळाची हुरहुर म्हणून त्याकडे पाहू नये. तो एक सराव आहे आणि इतर कुठल्याही सरावासारखा तो करून येतो.

आता भिंगाकडे येऊ, कारण या कॅमेऱ्याचा सगळा स्वभाव तिथे आहे. चांगल्या लेन्समध्ये काचेची अनेक भिंगे असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याची चूक सुधारत असतो. इथे चूक सुधारायला कुणी नाही. एकटे भिंग जी प्रतिमा पाडते ती सपाट नसते, वाटीसारखी वळलेली असते. फिल्म मात्र बरीचशी सपाट. म्हणून मध्यभागी प्रतिमा बऱ्यापैकी स्पष्ट आणि कडेला सरकत जावे तशी विरघळलेली. शिवाय भिंगातून येणारे प्रकाशाचे वर्तुळ चौकोनी फिल्मचे कोपरे नीट भरू शकत नाही, त्यामुळे कोपरे काळवंडतात. वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी जुळतात, म्हणून रंगीत फिल्मवर कडांना झालर दिसते. दिवा किंवा सूर्य चौकटीत आला की त्याचे तेज आजूबाजूला पसरते. आणि झाकणाच्या फटीतून, क्रमांक पाहायच्या लाल खिडकीतून प्रकाश आत झिरपला तर फिल्मवर पट्टा उमटतो.

या सगळ्याला दोष म्हणायचे की गुण, यावर या क्षेत्रात पुष्कळ बोलले जाते. दोष हे दोषच आहेत. पण ते कायम आहेत, ठरावीक जागी आहेत, आणि म्हणून शिकता येतात. मध्यभाग स्पष्ट आणि कडा पुसट असतील, तर विषय मध्यात ठेवला की नजर तिथेच खिळते. विषय मुद्दाम कडेला नेला की तो आठवणीतल्यासारखा दूर जातो. कोपरे काळे होणार हे माहीत असेल, तर आकाश किती घ्यायचे ते त्यानुसार ठरते. ‘काहीही काढा, छान अपघात होईल’ असा एक पंथ या कॅमेऱ्याभोवती तयार झाला आहे, आणि तो मला मान्य नाही. अपघात एखाद्या वेळी सुंदर निघतो. पण रोलवर रोल अपघातच काढणाऱ्याच्या हाती शेवटी नुसते धब्बे राहतात. ज्यांची कामे टिकली, त्यांनी आपल्या कॅमेऱ्याची खोड ओळखली होती. प्रत्येक हॉल्गाची खोड निराळी असते, कारण साच्यातून निघालेल्या दोन भिंगांतही थोडा फरक राहतो. पहिला रोल त्यामुळे ओळखीसाठी खर्ची घालावा.

नॅन्सी रेक्सरॉथ यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी डायनाने काढलेल्या छायाचित्रांचे ‘आयोवा’ हे पुस्तक १९७७ मध्ये आले. प्लास्टिकच्या कॅमेऱ्याला कलेत मानाचे स्थान मिळाले ते बरेचसे या पुस्तकामुळे. पांढरी लाकडी घरे, पडदे, झाडे, क्वचित एखादा माणूस, सगळे किंचित हललेले, जणू जागे होता होता पाहिलेले. या पुस्तकातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की नाव ‘आयोवा’ असले तरी त्यातली बहुतेक छायाचित्रे आयोवात काढलेलीच नाहीत. ती ओहायो राज्यातली आहेत. लहानपणी नातेवाइकांकडे जाताना पाहिलेला आयोवा त्यांच्या मनात होता. ओहायोच्या छोट्या गावांत त्यांना तो दिसू लागला आणि डायनाच्या पुसट भिंगाने दोन्ही जागा एकमेकींत मिसळल्या. स्वच्छ, काटेकोर लेन्सने हे जमले नसते. तिने घराचा क्रमांकसुद्धा वाचून दाखवला असता आणि मग ते घर फक्त ओहायोतलेच राहिले असते.

कांदिवलीत राहणाऱ्या किती घरांच्या मनात असा एक आयोवा आहे! कुणाचा देवगडकडे, कुणाचा साताऱ्याच्या अलीकडे, कुणाचा खेड-चिपळूणच्या वाटेवर. आजोबा गिरणीत किंवा कचेरीत लागले, लालबाग-परळच्या खोलीत राहिले, मुले उपनगरात आली. गाव मे महिन्यापुरते उरले, पुढे तेही कमी झाले. तरी डहाणूकरवाडीच्या एखाद्या आतल्या गल्लीत, जुन्या विहिरीपाशी किंवा कौलारू घराच्या उरलेल्या तुकड्यासमोर उभे राहिले की पाय क्षणभर थबकतात. तो थबकलेला क्षण फोनच्या कॅमेऱ्यात येत नाही. तिथे शेजारची केबल, पाण्याची टाकी आणि उभी मोटरसायकल तितक्याच ठसठशीत येतात. प्लास्टिकच्या भिंगात त्या गोष्टी असतात, पण मागे सरतात. या पुस्तकातला पहिला सराव याच कल्पनेवर बेतला आहे: कांदिवली न सोडता आपले गाव शोधणे.

आठवण हा मात्र या उपनगराचा एकच पदर झाला. कांदिवली स्वतःही पाहण्यासारखी आहे, आणि तिचा काळ फार मागे जातो. पूर्वेकडच्या पाडण टेकडीच्या परिसरात अश्मयुगीन हत्यारे सापडली आणि के. आर. यू. टॉड यांनी मुंबईतल्या पुराश्मयुगीन अवशेषांवर १९३९ मध्ये लिहिलेल्या निबंधात कांदिवलीची नोंद आहे. १९२० च्या दशकात बॅक बेचा समुद्र हटवायचे काम निघाले तेव्हा कांदिवलीच्या खाणीतला दगड तिकडे गेला. म्हणजे मरीन ड्राइव्हच्या ज्या किनाऱ्याचे फोटो सगळे जग काढते, त्यात आपल्या टेकडीचा वाटा आहे. त्या टेकड्यांचे कापलेले कडे अजून कुठे कुठे इमारतींच्या मागे दिसतात. पावसाळ्यात त्यांवरून पाणी उतरते, हिरवळ धरते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तो ओला खडक आणि त्याला खेटून उभा टॉवर एका चौकटीत घेऊन पाहावे.

पश्चिमेला चारकोप. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबईत जी नागरी विकास योजना राबवली गेली, तिच्यात इथे लहान लहान भूखंड आखून सहकारी संस्थांना दिले गेले. पाणी, गटार, रस्ता सरकारने करायचा आणि घर ज्याचे त्याने, ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचे. त्यामुळे चारकोपच्या सेक्टरांत शेजारशेजारची घरे वेगवेगळ्या वयाची दिसतात. एकाने वर मजला चढवला, दुसऱ्याने गॅलरी बंद केली, तिसऱ्याने खाली दुकान काढले. छायाचित्रकाराला इथे हॉल्गाची एक खास सोय वापरता येते. या कॅमेऱ्यात रोल पुढे नेण्याचा आणि शटरचा एकमेकांशी संबंध नसतो. रोल पूर्ण न फिरवता अर्धाच फिरवला, बाजूला पाऊल टाकले आणि पुन्हा खटका दाबला की दोन चौकटी एकमेकींवर चढतात. असे करत गेले की रोलवर घरांची सलग रांग उमटते, कुठे दाट, कुठे विरळ. चारकोपच्या ओळी जशा वाढल्या, तशीच ती रांग वाढलेली दिसते. मला हा या पुस्तकातला सर्वांत समाधानाचा सराव वाटतो.

बाकीच्या जागा वाचकाने आपल्या पायांनी शोधाव्यात. पोईसर नदी, जिला पुष्कळ जण नाला म्हणतात आणि जी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येते. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतले गाळे. एप्रिल २०२२ मध्ये डहाणूकरवाडी ते आरे असा मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. मेट्रोच्या खांबांनी लिंक रोडवरच्या सावल्यांची आखणीच बदलली आहे. खांबांच्या त्या सावल्या सकाळी एका बाजूला असतात, दुपारनंतर दुसऱ्या.

प्रकाशाबद्दल मात्र थोडे तपशिलात सांगितले पाहिजे, कारण हा कॅमेरा प्रकाशाशी तडजोड करत नाही. त्याचे शटर सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागापुरते उघडते, आणि ते बदलता येत नाही. ऊन आणि ढग अशी चिन्हे असलेला खटका आहे खरा, पण अनेक वर्षे बनलेल्या हॉल्गात तो इकडून तिकडे केला तरी छिद्राचा आकार बदलतच नसे. मग प्रकाश आवरायचा कशाने? फिल्मच्या निवडीने. एप्रिल-मेच्या कडक उन्हात १०० आयएसओची फिल्म पुरते. जुलैत आभाळ भरून आले की ४०० ची घालावी. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश सहन करते, कमी प्रकाश मात्र नाही. शंका असेल तेव्हा वेगवान फिल्मकडे झुकावे. सावलीतल्या गल्लीत किंवा संध्याकाळी शटर उघडे ठेवायची सोय वापरावी आणि कॅमेरा कठड्यावर टेकवावा. कॅमेऱ्याच्या चकतीवर अंतरासाठी चार चित्रे असतात: एक माणूस, दोन-तीन माणसे, मोठा घोळका आणि डोंगर. मोजपट्टी तेवढीच. नव्या माणसाची पहिली चूक इथे होते: गळ्यात अडकवलेला कॅमेरा शर्टाला घासून चकती डोंगरावरून माणसावर येते.

पावसाळा हा फिल्मचा शत्रू आहे. रोल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत फ्रिजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर तासभर तरी उघडू नये, नाहीतर त्यावर दव धरते. काळा-पांढरा रोल घरी धुता येतो, आणि तो धुवावाच असे मी म्हणेन. पण रसायनांच्या पुस्तकांत बहुधा २० अंश सेल्सियसचे तापमान दिलेले असते. मुंबईच्या नळाला मे महिन्यात त्याहून बरेच गरम पाणी येते. बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून तापमान उतरवावे किंवा तक्ता पाहून वेळ कमी करावा. एकदा का ओली निगेटिव्ह उजेडाकडे धरून पाहिली की दुसऱ्याकडे रोल टाकायला मन होत नाही.

कुणी विचारेल, फोनमध्ये असे फिल्टर असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका घटनेतच आहे. इन्स्टाग्रामचे एक संस्थापक केव्हिन सिस्ट्रॉम विद्यार्थीदशेत फ्लॉरेन्सला शिकायला गेले होते. तिथे त्यांच्या शिक्षकाने त्यांचा चांगला कॅमेरा बाजूला ठेवायला लावून हाती हॉल्गा दिला. पुढे २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले ते चौकोनी चौकट आणि जुनाट रंगांचे फिल्टर घेऊन. त्या शिक्षकाने दिलेल्या धड्याचा बाहेरचा रंग जगभर गेला. धडा होता आहे त्या साधनात पाहायला शिकण्याचा, आणि तो मात्र फिल्टरमध्ये उतरत नाही. फिल्टर फोटो काढून झाल्यावर येतो. भिंगाची खोड फोटो काढण्याआधी विचार करायला लावते.

या कॅमेऱ्याला बातमीच्या जगातही जागा मिळाली आहे. छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी २००० च्या अमेरिकी निवडणुकीत अल गोर यांच्या प्रचारसभेचे छायाचित्र हॉल्गाने काढले आणि व्हाइट हाउसचे वार्तांकन करणाऱ्या छायाचित्रकारांच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. लांब लेन्स क्षणाची बातमी टिपते, प्लास्टिकचा डबा वातावरण टिपतो.

रस्त्यावर एक गोष्ट लक्षात येते. मोठा कॅमेरा रोखला की माणसे आवरून उभी राहतात, कधी चिडतात. हा कॅमेरा पाहिला की विचारतात, चालतो का हा? त्या प्रश्नातून बोलणे सुरू होते. पण खेळणे दिसते म्हणून परवानगीची गरज संपत नाही. दारात बसलेल्या आजींना विचारावे, मुलांच्या आईवडिलांना विचारावे, आणि छायाचित्र तयार झाले की त्यांना एक प्रत नेऊन द्यावी. नेऊन देणे हा या कामाचाच भाग धरला पाहिजे.

रोल आता महाग आहेत. म्हणून माझी वाचकाला विनंती एवढीच: घाई करू नका. महिन्यातून एक रोल, घरापासून चालत जाता येईल तेवढाच परिसर, आणि प्रत्येक चौकटीआधी दोन मिनिटे उभे राहणे. कपाटात घरचा क्लिक थ्री पडून असेल तर आधी तो काढा. झाकण पुसा, शटर उघडते का पाहा. १२० चा रोल त्यातही बसतो. प्रत काढल्यावर मागे गल्लीचे नाव, तारीख आणि माणसांची नावे लिहा, पूर्वी लिहीत तशीच. निगेटिव्ह कोरड्या पाकिटात जपून ठेवा. आज दिसते ती कांदिवली पुनर्विकासात झपाट्याने बदलते आहे, आणि तिचे फोटो तुमच्याशिवाय दुसरे कुणी काढणार नाही.